‘अधिक तपास सुरू आहे’ : सायकलस्वाराच्या मृत्यूची बातमी कशी वाचायची



सुरुवातीलाच एक विनंती. हा भाग सायकल चालवता चालवता ऐकत असाल, तर कडेला थांबा, नाहीतर इअरफोन काढून खिशात ठेवा. भाग कुठे पळून जात नाही. घरी पोचल्यावर ऐका.

आज एका बातमीबद्दल बोलायचंय. छोटीशी आहे, आधी वाचूनच दाखवतो. नाव आणि जागा मी गाळतोय, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. तर ऐका.

“टँकरच्या धडकेत सायकलस्वार ठार. भरधाव टँकरखाली येऊन एका ५८ वर्षीय सायकलस्वाराचा जागीच मृत्यू झाला. ही दुर्दैवी घटना शुक्रवारी पहाटे सहाच्या सुमारास घडली. मयत हे सुरक्षारक्षक म्हणून काम करीत होते. अंधारात ते अचानक उजवीकडे वळल्याने टँकरचालकाचे नियंत्रण सुटले, असे प्राथमिक तपासात समोर आले आहे. त्यांनी हेल्मेट घातले नव्हते. अधिक तपास पोलीस करीत आहेत.”

संपली. मथळा आणि सहा वाक्यं.

हे सुरक्षारक्षक म्हणजे आमच्या सोसायटीचे वॉचमन. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणायचे. रात्रपाळी करायचे. संध्याकाळी सायकल गेटजवळच्या पाइपला साखळीने बांधायची, पहाटे ती सोडायची आणि घरी जायचं. काळी, दांडीची, मागे कॅरिअर असलेली जुनी सायकल. कॅरिअरला डबा आणि पावसाळ्यात गुंडाळलेला रेनकोट. सहा किलोमीटर जाणं, सहा किलोमीटर येणं. बसला वेळ जुळत नाही आणि रोजची रिक्षा परवडत नाही, एवढा साधा हिशोब होता. ‘सायकलिंग’ वगैरे शब्द त्यांनी कधी वापरला नसेल.

दहाव्याला मी गेलो होतो. त्यांचा मुलगा आयटीआयला आहे, एकोणीस वर्षांचा. तो मला बाजूला घेऊन गेला. मोबाइलवर त्या बातमीचा स्क्रीनशॉट होता, कुठल्यातरी ग्रुपवरून फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलेला. म्हणाला, “दादा, बाबांचीच चूक होती का हो?”

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरं सांगतो, मीही ती बातमी वाचून मनात तेच म्हटलं होतं. अरेरे, मामांनी वळायच्या आधी मागे बघायला हवं होतं.

आजचा भाग त्या प्रश्नाबद्दल आहे. सहा वाक्यांची बातमी वाचून मुलाला वाटतं की बाप स्वतःच्या चुकीने गेला, आणि बापाला रोज भेटणाऱ्या माणसालाही तेच वाटतं. हे होतं कसं?

दुसऱ्याच दिवशी मी पहाटे तिथे गेलो. तीच वेळ, सहा वाजता. काय दिसलं ते सांगतो. रस्त्याच्या कडेने सायकल ट्रॅक आहे, लाल रंगाचा. तो सरळ येतो आणि विजेच्या डीपीपाशी संपतो. पुढे नाल्यावरचा पूल, तिथे रस्ता अरुंद. पुलाच्या आधी डाव्या कडेला दोन टेम्पो उभे होते. चहावाला म्हणाला, ते रोज रात्री तिथेच लावलेले असतात. वरचे तीन दिवे बंद. चहावाल्याच्या म्हणण्याप्रमाणे बरेच दिवस बंदच आहेत.

आता तुम्हीच सांगा. ट्रॅक संपला, समोर टेम्पो उभा आहे. सायकलवाला काय करणार? उजवीकडेच येणार ना? टेम्पोच्या आरपार तर जाता येत नाही! ‘अचानक उजवीकडे वळले’ याचा अर्थ तिथे उभं राहिल्यावर कळतो. मामा वळले नव्हते. उभ्या टेम्पोला वळसा घालून सरळच निघाले होते. रोज तसेच जात असणार. त्या रस्त्याने सायकलवर जाणारा प्रत्येक जण तसाच जातो.

बातमीत ट्रॅक नाही, टेम्पो नाहीत, बंद दिवे नाहीत. ‘अंधारात’ एवढा एक शब्द आहे, आणि तोसुद्धा अंधार मामांनीच केल्यासारखा.

त्यानंतर मला सवय लागली. सायकलस्वार गेल्याची बातमी दिसली की स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं. काही दिवसांनी ते एकापाठोपाठ एक वाचले, तर बातम्या वेगळ्या पण वाक्यं तीच.

पहिली गोष्ट क्रियापदांची. शाळेतलं कर्ता, कर्म, क्रियापद आठवा. ‘टँकरखाली येऊन मृत्यू’, ‘चाकाखाली सापडून ठार’. येऊन, सापडून. कोण आलं? सायकलस्वार आला. कोण सापडलं? तोच. म्हणजे वाक्यात जे काही केलं ते मेलेल्या माणसाने केलं. टँकर जणू तिथे एखाद्या विहिरीसारखा होता आणि हा जाऊन पडला.

दुसरी गोष्ट, चालक गायब. ‘ट्रकने चिरडले’, ‘कारने उडवले’, ‘कंटेनर काळ बनून आला’. गाडी करते, काळ करतो, नियती करते. स्टिअरिंगवर बसलेला माणूस कुठे दिसतच नाही. दिसतो तो एकाच वाक्यात: ‘चालकाचे नियंत्रण सुटले’. त्याने काही केलं नाही बरं का. नियंत्रण आपलं आपणच सुटलं, दोरीवरचा टॉवेल वाऱ्याने सुटावा तसं.

तिसरी गोष्ट, मेलेल्याच्या अंगावर काय होतं याची यादी. हेल्मेट नव्हतं. गडद कपडे होते. कानात हेडफोन होते. टँकरला हेडलाइट होते का, ब्रेक नीट होते का, वेग किती होता, चालक किती तास झोपला होता, याची यादी मात्र नसते.

आणि चौथी गोष्ट म्हणजे शेवटचं वाक्य. अधिक तपास सुरू आहे. तो तपास पुढे कुठे गेला, हे माझ्याकडच्या एकाही स्क्रीनशॉटच्या पुढच्या भागात कळत नाही, कारण पुढचा भागच नाही.

आता वार्ताहरांना नावं ठेवणं सोपं आहे. म्हणून मी एका मित्राला फोन केला. तो बरीच वर्षं क्राईम बीट करतोय. मी जरा तावातावानेच विचारलं. तो शांतपणे म्हणाला, “बातमी येते कशी ते आधी ऐक. रात्री पोलिसांकडून ग्रुपवर प्रेस नोट येते. त्या दिवशी माझ्याकडे चोऱ्या दोन, हाणामारी एक आणि हा अपघात. पान साडेदहाला सुटतं. जागा साठ-सत्तर शब्दांची. नोटमध्ये जे आहे तेच जातं.”

मग त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाला, “आणि नोटमध्ये काय असतं? घटनास्थळी दोनच माणसं होती. एक मेला. दुसरा जबाब देतो.”

म्हणजे ‘अचानक वळल्याने’ हे वाक्य बहुतेक वेळा आलेलं असतं चालकाच्या तोंडून. चालकाच्या जबाबातून नोटमध्ये, नोटमधून बातमीत. वाटेत ‘चालकाचे म्हणणे आहे’ हे तीन शब्द गळतात आणि उरतं ‘प्राथमिक तपासात समोर आले’. ते तीन शब्द परत जोडले असते तरी निम्मं काम झालं असतं. त्याला साठ शब्दांच्या जागेतही जागा होती.

तुम्ही म्हणाल, अरे पण शब्दांनी काय फरक पडतो? माणूस तर गेला.

फरक पडतो, आणि तो मोजला गेलाय. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी एक प्रयोग केला. सुमारे हजार लोक घेतले, त्यांचे तीन गट केले. तिघांनाही रस्त्यावरच्या एका पादचाऱ्याला गाडीची धडक बसल्याची एकच घटना वाचायला दिली, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी. पहिल्या गटाला पादचारी केंद्रस्थानी ठेवून लिहिलेली बातमी, म्हणजे ‘पादचाऱ्याला गाडीची धडक बसली’ या थाटाची. दुसऱ्या गटाला चालकाचा स्पष्ट उल्लेख असलेली, ‘चालकाने पादचाऱ्याला धडक दिली’ अशी. तिसऱ्या गटाच्या बातमीत त्याबरोबर रस्ता कसा होता आणि असे प्रकार किती घडतात, हीही माहिती होती. मग विचारलं, दोष कुणाचा? उपाय काय करावा?

पहिल्या गटाने पादचाऱ्याला जास्त दोष दिला. नुसतं चालकाला वाक्यात आणल्यावर तो दोष कमी झाला. आणि तिसऱ्या गटातले लोक रस्ता सुधारण्याच्या बाजूने जास्त बोलले. घटना तीच. मीही पहिल्या गटातलाच होतो म्हणायचा, बातमी वाचून मामांना दोष देणारा.

हे आपल्यालाच सुचलंय असं नाही. असोसिएटेड प्रेस ही मोठी वृत्तसंस्था, जिच्या शैलीपुस्तकावर इंग्रजी पत्रकारिता चालते, त्यांनी २०१६ मध्ये सांगितलं की निष्काळजीपणाचा आरोप असेल किंवा तो सिद्ध झाला असेल, तर ‘अ‍ॅक्सिडेंट’ हा शब्द टाळा, कारण त्या शब्दातच कुणाचा दोष नाही असं सुचवलं जातं. ब्रिटनमध्ये २०२१ साली पत्रकार लॉरा लेकर आणि वेस्टमिन्स्टर विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने रस्त्यावरच्या धडकांच्या बातम्या कशा लिहाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वंच तयार झाली. त्यातलं एक साधं तत्त्व: गाडीबद्दल नको, गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल लिहा.

आता हेल्मेटबद्दल, कारण त्यावर मला नक्की मेसेज येणार. मी स्वतः हेल्मेट घालतो. तुम्हीही घाला. खड्ड्यात चाक गेलं, वाळूवर घसरलात, तर डोकं वाचतं. पण ते कशासाठी बनवलंय तेही माहीत असू द्या. युरोपमध्ये सायकलच्या हेल्मेटसाठी ईएन १०७८ नावाचं मानक आहे. त्यात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर आपटून बघतात ते ताशी साधारण २० किलोमीटर वेगाने. म्हणजे आपण सायकलवरून पडलो तर डोकं जमिनीवर जितक्या वेगाने आपटेल, साधारण तेवढ्याने. पाण्याने भरलेला टँकर अंगावरून जाण्याची चाचणी नसते, कारण त्यातून वाचवणारं हेल्मेट अजून कुणी बनवलेलं नाही. आणि आपल्या मोटार वाहन कायद्यातली हेल्मेटसक्ती मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, पायडल मारणाऱ्यांसाठी नाही. मग ज्याच्या अंगावरून टँकर गेला, त्याच्या बातमीत ‘हेल्मेट घातले नव्हते’ हे वाक्य काय काम करतं? एकच काम करतं. वाचणाऱ्याला वाटतं, मी घालतो, म्हणजे माझं असं होणार नाही.

खरं काम वेगाचं असतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्का वाढला, तर जीवघेण्या धडकेचा धोका सुमारे चार टक्के वाढतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक परिषदेत असं ठरलं, की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या एकत्र येतात, तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नसावा. आपल्याकडे बातमीत ‘भरधाव’ असतं. भरधाव म्हणजे किती? तिथली मर्यादा काय होती? पाटी होती का? हे विचारलं की ‘भरधाव’ हे विशेषण राहत नाही, ती माहिती होते.

आणि हो, टँकरच्या ड्रायव्हरला राक्षस करायलाही मी आलेलो नाही. ‘नराधम चालक’ लिहिलं तरी काहीच कळत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो. त्याच्या ड्रायव्हरशी मी बोललो. त्याला पैसे फेरीवर मिळतात. सकाळी सातच्या आत चार सोसायट्या गाठायच्या असतात, कारण सात वाजता आपण नळ सोडतो आणि पाणी नाही म्हणून ग्रुपवर बोंब मारतो. तर पहाटे सहाला तो टँकर इतक्या घाईत का होता, या प्रश्नाची एक वाट आपल्या बाथरूममध्येही येते. हे मी स्वतःला सोडून बोलत नाहीये.

आता जरा मोठं चित्र बघू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यात पायी चालणारे ३२ हजारांच्या वर आणि सायकलवाले ४,८०० हून जास्त. म्हणजे रोज साधारण तेरा सायकलस्वार. आज हा भाग तुम्ही ऐकताय, आजचेही तेरा धरा.

यातल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? २८ फेब्रुवारी २०२४ ला नेरूळमध्ये पाम बीच रोडवर एका टॅक्सीच्या धडकेत अवतार सैनी गेले. इंटेलच्या भारतातल्या कामाचे ते माजी प्रमुख होते. वय ६८, पहाटे सायकल चालवत होते. ती बातमी देशभर गेली, त्यांनी काय काम केलं होतं ते लोकांना कळलं, पाम बीच रोडवरच्या वेगाची चर्चा झाली. हे व्हायलाच हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पहाटे सायकलवर असणारे बहुतेक लोक व्यायामाला निघालेले नसतात. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामाला जाणाऱ्यांना विचारलं होतं, कशाने जाता? दर शंभरातले साधारण तेरा जण म्हणाले, सायकलने. वॉचमन, गवंडी, पेपर टाकणारे, दूधवाले, भाजीवाले, एमआयडीसीतले हेल्पर. ते गेले की बातमीत त्यांचं नाव ‘एक सायकलस्वार’ असतं.

आणि हे शहर कुठलं आहे? पुणे. एकेकाळी देशभर सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं. २०१७ मध्ये महापालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या जाळ्याचा. तो कागद आजही वाचण्यासारखा आहे. तुमच्या भागातला जो ट्रॅक डीपीपाशी संपतो, तो कागदावर कुठपर्यंत जायला हवा होता, हे बघायला जरूर उघडा.

मग बातमी बदलली तर रस्ता बदलतो का? एक गोष्ट सांगतो. पुण्याबाहेरची आहे, नेदरलँड्सची. आज तो देश म्हटलं की सायकली डोळ्यांसमोर येतात. पण १९७१ मध्ये त्या एक कोटी तीस लाखांच्या देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसं मेली. त्यातली चारशेहून जास्त लहान मुलं होती. विक लँगेनहॉफ नावाच्या एका पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी त्या वर्षी गाडीच्या धडकेत गेली. पुढच्या वर्षी त्याने आपल्या ‘दे टाइड’ या वृत्तपत्रात लेख लिहिला. त्यातल्या शब्दांचा मराठीत अर्थ होतो: मुलांच्या हत्या थांबवा.

ऐकायला कडक वाटतं ना? तिथेही वाटलं होतं. तोवर तिथल्या बातम्यांतही मुलं ‘गाडीखाली येत’ होती. त्या शब्दांनी लोकांची एक चळवळ उभी राहिली, तिचं नावच ते पडलं. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, गल्ल्या गाड्यांना बंद केल्या, मागण्या घेऊन पार्लमेंटपर्यंत गेले. १९७३ च्या तेलटंचाईत तिथल्या सरकारने काही रविवार रस्ते गाड्यांविना ठेवले, आणि रिकामा रस्ता कसा असतो ते सगळ्यांनी बघितलं. पुढची कित्येक वर्षं रस्ते बदलण्यात गेली. आज तिथे वर्षाला रस्त्यावर जाणारे लोक सातशेच्या आसपास आहेत. लोकसंख्या आणि गाड्या दोन्ही वाढूनसुद्धा. एका लेखाने हे केलं असं मी म्हणत नाही. पण मुलं मरतायत हे सगळ्यांनाच माहीत होतं. त्याला काय म्हणायचं, ते त्या लेखाने ठरवलं.

आणि इतकं लांब तरी कशाला? मे २०२४ मध्ये आपल्याच कल्याणीनगरला पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनीअर गेले. पहिल्या दिवशी जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. तिथे पत्रकारांनी आणि लोकांनी विषय सोडला नाही. रोज प्रश्न विचारले. काही दिवसांत रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. ‘अधिक तपास सुरू आहे’ या वाक्याच्या पुढे कुणीतरी उभं राहिलं की काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मामांच्या प्रकरणात पुढे उभं राहणारं कोण? म्हणून आता कामाचं बोलतो. हा भाग पुढे पाठवायचा झाला, तर यासाठी पाठवा.

एक, नुकसानभरपाई. गाडी पळून गेली, सापडलीच नाही, तरी केंद्र सरकारची योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून अशा प्रकरणात मृत्यू झाला तर दोन लाख रुपये आणि गंभीर जखमी झाल्यास पन्नास हजार. आधी हे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज महसूल खात्याकडे, प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत ठार’ अशा बातमीखाली ही एक ओळ छापली तर किती घरांना उपयोग होईल!

दोन, गाडी सापडली असेल तर दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो. २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली गेली आहे, म्हणून रडणं आवरल्यावर करू असं म्हणू नका, लगेच वकील गाठा. रक्कम ठरते ती गेलेल्या माणसाचं वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवर. आणि इथे ‘अचानक वळल्याने’ परत येतं. मयताचीही काही चूक होती असं ठरलं, तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. बातमी म्हणजे कोर्टातला पुरावा नव्हे. पण जे वाक्य बातमीत आलंय, ते पोलिसांच्या कागदातही असू शकतं. म्हणून घरच्यांनी एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या आणि वाचा. जागेचे फोटो लगेच काढा. टेम्पो उद्या हलतील, दिवे परवा लागतील.

तीन, समोर धडक झाली तर थांबा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांनी किंवा दवाखान्याने अडकवून ठेवायचं नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या १३४अ कलमात आहे. नाव सांगायचीही सक्ती नाही. आणि २०२५ पासून रस्त्यावरच्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचारांची योजना आहे. रुग्णवाहिकेला १०८.

चार, स्वतः सायकल चालवत असाल तर. मागे लाल दिवा लावा, तोही लुकलुकणारा. उभ्या गाड्यांना वळसा घालायचा असेल तर शेवटच्या क्षणी नको, दहा-पंधरा मीटर आधीच मागे बघून, हात दाखवून हळूहळू उजवीकडे या. आणि सिग्नलला ट्रकच्या, बसच्या, टँकरच्या डाव्या अंगाला कधीही घुसू नका. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्याला डावी कड नीट दिसत नाही. तो डावीकडे वळला तर तुमच्यासाठी जागाच उरत नाही. त्याच्या मागे थांबा. अर्धं मिनिट जाईल, जाऊ दे.

आणि पाच, बातमी शेअर करण्याआधी खाली दोन प्रश्न लिहा. हे कुणाच्या जबाबावरून आहे? तिथला रस्ता कसा होता? ‘आरआयपी’ आणि हात जोडलेली इमोजी हजारदा टाकून झाली. एकदा हे टाकून बघा. माझा तो क्राईम रिपोर्टर मित्र म्हणाला, वाचकांनी विचारलं की डेस्कवर फरक पडतो. त्याने स्वतः आता ‘चालकाने पोलिसांना सांगितले’ असं लिहायला सुरुवात केली आहे.

थांबण्याआधी मामांच्या मुलाबद्दल. मी त्याला त्या जागेवर घेऊन गेलो, पहाटेच. टेम्पो होते, दिवे बंद होते. तो डीपीपाशी उभा राहिला, बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फोन काढला आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढले. ते फोटो आता त्यांच्या वकिलाकडे आहेत. दावा दाखल झालाय. तीनातला एक दिवा लागलाय, दोन अजून बंद आहेत.

त्याने मला विचारलं, मग बातमी कशी लिहायला हवी होती? आम्ही दोघांनी बसून लिहिली. तीही सहाच वाक्यांची. वाचतो.

“टँकरचालकाने धडक दिल्याने रात्रपाळीहून घरी परतणाऱ्या सुरक्षारक्षकाचा मृत्यू. शुक्रवारी पहाटे सहा वाजता पाण्याच्या टँकरच्या चालकाने सायकलवरून घरी जाणाऱ्या ५८ वर्षांच्या सुरक्षारक्षकाला मागून धडक दिली. ज्या जागी धडक बसली, तिथे सायकल ट्रॅक संपतो आणि डाव्या कडेला टेम्पो उभे होते. रस्त्यावरचे तीन दिवे बंद होते. सायकलस्वार अचानक वळला, असे चालकाने पोलिसांना सांगितले आहे. टँकरचा वेग किती होता, हे पोलिसांनी सांगितलेले नाही. मयताच्या मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी असा परिवार आहे.”

बातमी लिहिल्यावर तो म्हणाला, “यात बाबांची चूक आहे असंही नाही, आणि नाही असंही नाही.” मी म्हटलं, हो. ते ठरवायचं काम कोर्टाचं आहे. बातमीने ते आधीच ठरवून टाकलं होतं, एवढीच आपली तक्रार.

तुमच्या भागात असा एखादा ट्रॅक असेल जो डीपीपाशी, झाडापाशी, नाहीतर पार्किंगमध्ये संपतो, तर त्याचा फोटो मला पाठवा. पहाटेचा असेल तर उत्तम. पुढच्या भागात त्यातले काही फोटो आणि तो २०१७ चा आराखडा शेजारी शेजारी ठेवून बोलू.

तोवर, सांभाळून चालवा. भेटू.